न ऐकणारा गुरु

पन्नाशी उलटलेल्या माणसानें काय शिकावें, याविषयीं आमच्या समाजाचे संकेत ठरलेले आहेत. त्यानें योगासनें शिकावींत, प्राणायाम शिकावा, फार तर ज्ञानेश्वरीचा अर्थ कोणाकडून समजावून घ्यावा. रक्तांतील साखरेचे आंकडे वाचावयास तर त्यानें शिकलेंच पाहिजे. पण ज्या गोष्टी शिकतांना माणूस हास्यास्पद दिसतो, त्या त्यानें पंचविशीच्या आंत उरकून टाकाव्यात असा दंडक आहे. सायकल, पोहणें, प्रेम आणि वाद्यवादन हीं सारीं या दुसऱ्या वर्गांत मोडतात. मी येथील एका महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों. डोक्यावरचे केस पांढरे झाले आहेत, आणि निवृत्तीचीं वर्षें एका हाताच्या बोटांवर मोजतां येतात. अशा स्थितींत मीं एक गिटार विकत घेतली आणि ती शिकावयास आरंभ केला. सहकाऱ्यांनीं सभ्यपणें विषय बदलला. आमच्या सौभाग्यवतींनीं मात्र सभ्यतेची आडकाठी न बाळगतां विचारलें, “इतकीं वर्षें घरांत तुम्ही बोलतच होतां, तेवढा आवाज पुरत नव्हता का?”

त्यांतून ही गिटारही नेहमींची नव्हे. स्नेहसंमेलनांत गळ्यांत पट्टा अडकवून मुलें वाजवितात ती निराळी. माझी गिटार मांडीवर उताणी ठेवावी लागते. डाव्या हातांत पोलादाची एक जड कांडी धरून ती तारांवरून सरकवावयाची, आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवून तारा छेडावयाच्या. वाद्याच्या पोटावर जेथें भोंक असावयाचें, तेथें नक्षीदार छिद्रें पाडलेलें धातूचें झांकण असतें. त्या झांकणाखालीं, ज्याच्या भांड्यांना आपण ‘जर्मनचीं भांडीं’ म्हणतों त्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा एक कोन बसविलेला असतो. तारांचा कंप घोडीवाटे या कोनांत उतरतो, आणि कोन तो हवेंत फेंकतो. ध्वनिक्षेपकाच्या पोटांत कागदाचा पडदा जें काम करतो, तेंच येथें विजेवांचून होतें. इंग्रजींत या वाद्याला रेझोनेटर गिटार म्हणतात. घरीं आलेल्या एका पाहुण्यांनीं तें झांकण न्याहाळून, यांत इडल्या एका वेळीं किती होतात, असें विचारलें होतें. त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं.

हें वाद्य जन्मलें तें केवळ गरजेंतून. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील नाचगाण्यांच्या ताफ्यांत पितळी कर्ण्यांचा गदारोळ वाढत गेला आणि गिटारीचा आवाज कोणाला ऐकूं येईना. तेव्हां जॉर्ज बीचम नांवाच्या एका वादकानें लॉस एंजेलिसच्या जॉन डोपियेरा या कारागिराकडे मोठ्या आवाजाची गिटार मागितली. डोपियेरा जन्मानें स्लोव्हाक. त्यानें पत्र्याचे तीन कोन बसविलेली धातूची गिटार तयार केली, आणि १९२७ मध्यें ‘नॅशनल’ या नांवानें ती बाजारांत आली. पुढें भागीदारांचें बिनसलें. डोपियेरानें १९२८ मध्यें आपल्या भावांना घेऊन निराळा कारखाना काढला आणि एकाच कोनाची, लाकडी पोटाची गिटार केली. ‘डोपियेरा ब्रदर्स’ या दोन शब्दांचीं पहिलीं अक्षरें जोडून तिचें नांव ठेवलें ‘डोब्रो’. स्लोव्हाक भाषेंत ‘डोब्रो’ म्हणजे ‘चांगलें’. गंमत अशी, कीं त्याच बीचमनें १९३२ च्या सुमारास विजेची गिटार विक्रीला आणली. ज्या उणिवेसाठीं पत्र्याचा कोन निघाला, ती उणीव पांच वर्षांतच भरून निघाली. व्यवहाराच्या न्यायानें हें वाद्य तेव्हांच अडगळींत जावयाचें. पण तोंवर लोकांच्या कानांना त्या आवाजाची गोडी लागली होती, आणि गरज संपल्यावरही ती गोडी उरली. गरजेपोटीं आलेलीं माणसें गरज सरल्यावरही हवींहवींशीं वाटूं लागतात, तसेंच हें.

मला मात्र या वाद्याची ओढ लागली ती मिंडेमुळें. नेहमींच्या गिटारीवर पडदे असतात. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जावयाचें म्हणजे पायरी उतरल्यासारखें जावें लागतें. कांडी सरकविली कीं या पायऱ्या नाहींशा होतात आणि सूर उतारावरून पाणी वाहावें तसा वाहतो. लहानपणीं आमच्या घरच्या रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या वेळांत सिनेगीतांच्या चाली हवाईयन गिटारीवर वाजत असत. निवेदक येऊन ती चाल निर्दयपणें मध्येंच तोडी. मुंबईच्या सिनेसृष्टींत व्हॅन शिप्ले यांनीं हें वाद्य घरोघर पोंचविलें, हें मला फार पुढें कळलें. तेव्हां एवढेंच कळे, कीं शब्दांवांचून कोणी तरी गात आहे.

कांडीची ही युक्ति हवाई बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली, आणि तिचें श्रेय बहुधा जोसेफ केकुकू या तरुणाला देतात. पण तार दाबण्याऐवजीं तिच्यावरून गुळगुळीत वस्तु सरकवावी, ही कल्पना आपल्याला परकी नाहीं. उत्तरेकडील विचित्रवीणा कांचेच्या बट्ट्यानें वाजते, आणि दक्षिणेकडील गोट्टुवाद्याची रीतही तीच. म्हणूनच हवाईची गिटार आपल्याकडे पाहुणी म्हणून आली ती घरचीच झाली. टाऊ मो नांवाचा हवाईयन वादक १९४० नंतरच्या दशकांत कांहीं वर्षें कलकत्त्यास सहकुटुंब राहिला होता; त्याच्या हातांत असे ती नॅशनलची तीन कोनांचीच गिटार. बंगाली घरांतून हवाईयन गिटारीवर रवींद्रसंगीत वाजूं लागलें. पुढें जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा यांनीं अलीअकबरखांसाहेबांपाशीं शिक्षण घेऊन या वाद्यावर राग उभे केले. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका अनेकांच्या संग्रहीं असेल. विश्वमोहन भट्टांनीं गिटारीला तरफा जोडून मोहनवीणा केली, आणि अमेरिकन वादक राय कूडर यांच्याबरोबर वाजविलेल्या मुद्रिकेसाठीं त्यांना १९९४ मध्यें ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

एवढी परंपरा पाठीशीं असली, तरी यवतमाळांत ती शिकविणार कोण? येथें तबला शिकविणारे आहेत, पेटी शिकविणारे आहेत, नवरात्रांत देवीपुढें रात्रभर वाजविणारे तर गल्लोगल्लीं आहेत. पण मांडीवरची गिटार शिकविणारा माणूस दीडशें किलोमीटरवरच्या नागपुरांतही मला सांपडला नाहीं. अखेर मीं गुरु केला तो मोबाईलच्या पडद्यावर. आंतरजालावर एका अमेरिकन गृहस्थांचे साठ धडे आहेत. ते आपल्या लाकडी घराच्या एका खोलींत बसून शिकवितात, आणि मी ते धडे आमच्या मागल्या खोलींत, रात्रीं जेवण आटोपल्यावर, घेतों.

या गुरूचे गुण सांगावे तेवढे थोडे. तो कधीं रागावत नाहीं. एकच तान दहा वेळां दाखवावयास सांगा, दहाही वेळां तोच उत्साह. गति निम्मी करा, तो बिनतक्रार निम्म्या गतीनें वाजवितो. रात्रीं अकरा वाजतां त्याला उठवा, मध्येंच थांबवा, आठवडाभर तोंड दाखवूं नका. त्याच्या कपाळाला आंठी नाहीं. कॅमेरा त्याच्या बोटांच्या इतका जवळ असतो, कीं नखीचा कोन आणि मनगटाचा कल मला जितका स्पष्ट दिसतो, तितका समोर बसलेल्या शिष्यालाही दिसला नसता. आपल्या जुन्या गवयांच्या कथा आठवा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पिढीला गायन मिळवावयाचें म्हणजे घर सोडून ग्वाल्हेरीकडची वाट धरावी लागे, गुरूच्या घरीं वर्षानुवर्षें सेवा करावी लागे, आणि मग एखाद्या प्रसन्न सकाळीं एक चीज पदरांत पडे. मला एका स्पर्शांत साठ धडे मिळतात. या सुलभतेला नांवें ठेवणारांपैकीं मी नाहीं. जिल्ह्याच्या गांवीं पुस्तकांसाठीं ज्यानें तरुणपणीं तडफड केली आहे, तो असली सुलभता हिणवणार नाहीं.

पण या गुरूचा एक विशेष आहे. तो प्रत्येक अभ्यासाच्या शेवटीं क्षणभर थांबतो, कॅमेऱ्याकडे पाहून हंसतो आणि म्हणतो, “छान! आतां पुढें जाऊं.” मी उत्तम वाजविलें तरी छान, मी मुळींच वाजविलें नाहीं, चहा घ्यावयास उठून गेलों, तरीही छान. डोपियेराच्या मातृभाषेंतला तो ‘चांगलें’ हा शब्द या वाद्याला असा जन्माचा चिकटला आहे. हा गुरु मला दिसतो, मला ऐकूं येतो. पण मी त्याला ऐकूं येत नाहीं.

येथें कोणी एकलव्याचें नांव घेईल. त्याचा मातीचा द्रोण तरी कोठें पाहत होता? हा आक्षेप माझ्याही मनांत बरेच दिवस घोळत होता. पण एकलव्य शिकत होता धनुर्विद्या. बाण चुकला तर तो झाडाला लागतो, आणि चुकल्याचें शिष्याला तत्काळ कळतें. तेथें लक्ष्यच गुरूचें निम्मे काम करतें. सुराचें लक्ष्य बाहेर कोठेंही टांगलेलें नसतें. तें ऐकणाराच्या कानांत असतें, आणि ज्याच्या कानांत तें अजून तयार झालेलें नाहीं, त्याचा बाण कोठेंही लागला तरी त्याला तो लागलाच असें वाटतें. पडद्यांच्या गिटारीवर ही अडचण नाहीं. तेथें पडदा बोटाला सांभाळून घेतो. कांडीच्या गिटारीवर पडद्यांच्या जागीं नुसत्या रेषा आंखलेल्या असतात. केसभर इकडे तिकडे झालें कीं सूर बदलला.

न ऐकणाऱ्या गुरूची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे, कारण ती भूमिका मीं स्वतः वठविली आहे. १९२० सालच्या गिटारीची गोष्ट सांगतांना जी शंभर वर्षें मीं ओलांडलीं, त्यांच्या दुसऱ्या टोंकाला, २०२० च्या मार्चमध्यें, महासाथीमुळें महाविद्यालयें बंद झालीं, आणि आम्हां सर्वांना मोबाईलपुढें बसून व्याख्यानें द्यावीं लागलीं. माझे विद्यार्थी घाटंजी, मारेगांव, झरी-जामणी अशा तालुक्यांत विखुरले होते. कोणी टेकडीवर जाऊन बसे, कोणी शेताच्या बांधावर, कारण घरांत तरंग पोंचत नसत. पडद्यावर मला काळे चौकोन दिसत आणि त्यांच्याखालीं नांवें. एखादी कविता समजावून झाल्यावर मी विचारीं, “समजलें ना?” काळे चौकोन गप्प राहत. वर्गांत असतां मला हा प्रश्न विचारावाच लागत नाहीं. तिसऱ्या बांकावरच्या मुलीच्या भुंवया, मागच्या रांगेंतली चुळबुळ, लिहितां लिहितां थांबलेलें एखादें पेन हीं सारीं मला उत्तर देत असतात, आणि त्या उत्तरांप्रमाणें माझें पुढचें वाक्य बदलतें. त्या महिन्यांत मला उमजलें, कीं शिकविणें म्हणजे बोलणें अशी जी सर्वांची समजूत आहे, ती अर्धीच खरी आहे. उरलेलें अर्धें काम कान करतात, आणि तें दिसत नाहीं म्हणून त्याचा पगारपत्रकांत उल्लेख नसतो.

माझ्या गिटारीला हा दुसरा अर्धा भाग मिळाला तो शेजारून. आमच्या कुंपणापलीकडे एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारी आळी त्यांना बुवा म्हणते. ऐन उमेदीचीं वर्षें त्यांनीं एका कापसाच्या जिनांत दिवाणजी म्हणून काढलीं, आणि संध्याकाळीं भजनी मंडळ चालविलें. तरुणपणीं अमरावतीस एका गवयापाशीं चारपांच वर्षें तालीम घेतली होती. त्या काळचा एक मिरजेचा तंबोरा अजून त्यांच्या घरीं गवसणींत उभा आहे. उन्हाळ्याच्या एका रात्रीं ते काठी टेकीत आमच्या दारांत आले. मला वाटलें, आवाजाची तक्रार घेऊन आले. यवतमाळच्या मे महिन्यांत खिडक्या उघड्या असतात, प्रत्येक खिडकींत कुलर घरघरत असतो, आणि त्या घरघराटावर मात करणारें वाद्य माझ्या मांडीवर होतें. मीं क्षमा मागावयास तोंड उघडलें, तोंच बुवा म्हणाले,

“वाजवा, वाजवा सर. आवाजाचं काही नाही. तुमचा तो गंधार तेवढा चढला हाय.”

मीं नम्रपणें सांगितलें, कीं तार मीं यंत्रावर लावली आहे. यंत्राची सुई अगदीं मध्यावर उभी आहे. मोबाईल पुढें करून मीं ती सुई दाखविलीही. बुवांनीं सुईकडे पाहिलें नाहीं.

“असंन,” ते म्हणाले. “पण हा पेटीतला गंधार झाला. तंबोऱ्यातला नाही.”

या वाक्याचा उलगडा करावयास मला पुस्तकें काढावीं लागलीं. माझ्या गिटारीच्या सहा तारा, आपल्या भाषेंत सांगावयाचें तर, सा ग प सा ग प अशा लागतात. म्हणजे दर तिसरी तार गंधाराची. आतां गंधार दोन आहेत. षड्जाचीं कंपनें सेकंदाला २०० धरलीं, तर नैसर्गिक गंधाराचीं होतात २५०; चारास पांच हें त्यांचें प्रमाण. नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जांतून कोणी न छेडतां जो गंधार आपोआप ऐकूं येतो, ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो हाच. पण पियानो, पेटी आणि माझ्या मोबाईलमधलें यंत्र सप्तकाचे बारा अगदीं सारखे भाग करतात. त्या हिशेबांत गंधार जवळजवळ २५२ वर जातो. फरक अर्ध्या सुराचा सातवा हिस्सा. सुईला तो दिसत नाहीं, कारण सुईला तोच खरा वाटतो.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० मध्यें बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केलें. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाचें त्यांना साहाय्य होतें, आणि या श्रुति गाऊन दाखविण्याचें काम अब्दुल करीमखांसाहेबांनीं केलें. बारा सुरांची पेटी आपलें गाणें बिघडविते, म्हणून श्रुतींची पेटीही त्या मंडळींनीं करविली. पुढें १९४० मध्यें आकाशवाणीनें पेटीला आपल्या केंद्रांवर बंदीच घातली, आणि ती तीस वर्षांवर टिकली. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतानें जें वाद्य मैफलींत मानाला चढविलें, त्यावर असा बहिष्कार पडावा हें मला नेहमींच अन्यायाचें वाटत आलें आहे, आणि आजही वाटतें. पण त्या बंदीमागें ज्या कानांची कुरकुर होती, ते कान काल्पनिक नव्हते. त्यांतलाच एक कान कुंपणापलीकडे राहत होता, आणि यंत्राला न दिसणारा सातवा हिस्सा त्याला कुलरच्या घरघराटांतून टोंचला होता.

बुवांच्या सांगण्यावरून मीं खुंटी अगदीं किंचित् सैल केली. सुई मध्यापासून डावीकडे कलली. आणि सहाही तारा एकदम छेडल्या, तेव्हां एक चमत्कार झाला. आजवर त्या सहा तारा सहा जणांसारख्या वाजत होत्या. आतां त्यांतून एक माणूस बोलूं लागला. पत्र्याच्या त्या कोनांत आवाज घुमून उठला आणि बराच वेळ विरेना. बुवा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. ते छान म्हणाले नाहींत. “आता बोलली,” एवढेंच म्हणाले. गमतीची गोष्ट ही, कीं पुढें बऱ्याच धड्यांनंतर माझ्या अमेरिकन गुरूनेंही सांगितलें, कीं या वाद्यावर गंधाराची तार यंत्रापेक्षां जरा उतरवूनच लावावी, जुने वादक तसेंच करीत. सातासमुद्रांपलीकडचा कारागीर आणि जिनांतला दिवाणजी एकाच गंधारापाशीं येऊन थांबले होते. फरक इतकाच, कीं एकानें तें सर्वांना सांगितलें होतें आणि दुसऱ्यानें माझें ऐकून मला सांगितलें.

तेव्हांपासून दर गुरुवारीं संध्याकाळीं बुवा येतात. माझे दोन गुरु आतां एकमेकांना पूरक झाले आहेत. पडद्यावरचा गुरु हात शिकवितो, आणि बुवा कान शिकवितात. दोघांचा मतभेदही होतो. पडद्यावरचा म्हणतो, कांडी नेमकी रेषेच्या वर आली पाहिजे. मान खालीं घालून सरळ वरून पाहा, तिरपें पाहिलें तर फसाल. बुवा म्हणतात, “डोये मिटा सर. डोये उघडे ठेवले की कान झोपते.” हात बसेपर्यंत पहिल्याचें ऐकावें आणि मग दुसऱ्याचें, असा मध्यममार्ग मीं काढला आहे.

एकदां धड्यांत आगगाडीची नक्कल आली. अमेरिकेंतल्या जुन्या वादकांना या वाद्यावर आगगाडी वाजविण्याचा मोठा शोक होता. कांडी वर सरकवून शिटी काढावयाची, आणि तळव्याच्या कडेनें तारा दाबून चाकांचा ठेका धरावयाचा. मीं ती कशीबशी वाजविली. बुवा हंसूं लागले. “हे तर आपली शकुंतला!” यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी. कापूस वाहून नेण्यासाठीं ब्रिटिशांच्या काळीं ती घातली गेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचें इंजिन होतें. आणि पुढें तीही बंद पडली. बुवांनीं जिनाच्या कामासाठीं त्या गाडीच्या कितीतरी खेपा केल्या होत्या. शिटीचा सूर कोठून निघून कोठें उतरे, तें त्यांनीं मला गाऊन दाखविलें, आणि माझी अमेरिकन आगगाडी त्या सुरावर आणून सोडली. धड्यांतली शिटी याहून वरची होती. आमच्या घरांत आतां मूर्तिजापूरचीच वाजते.

या साऱ्या आनंदाला एक किनार आहे. जिनाच्या यंत्रांशेजारीं काढलेल्या त्या वर्षांनीं बुवांच्या कानांचा कर आधींच घेतला होता. उरलेलें काम वय करीत आहे. सुरांतलें उणेंअधिक त्यांना अजून कळतें, पण तो सूर त्यांच्यापर्यंत पोंचला पाहिजे. कानाचें यंत्र त्यांना मुलानें आणून दिलें आहे; तें भजनाच्या वेळीं ते खिशांत टाकतात, कारण त्यांतून टाळांचा नुसता पत्रा ऐकूं येतो म्हणे. त्यांचा स्वतःचा तंबोरा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्याचा, मृदु बोलणारा, त्यांना आतां चार हातांवरून ऐकूं येत नाहीं. मोबाईलमधला माझा गुरु काय वाजवितो तेंही त्यांना उमगत नाहीं. त्यांच्या लेखीं तो ओंठ हालविणारा एक भला माणूस आहे. पण माझी गिटार त्यांना ऐकूं येते. कर्ण्यांच्या गदारोळांतून वाट काढण्यासाठीं डोपियेरानें जो पत्र्याचा कोन ठोकला, त्याचा उपयोग यवतमाळच्या या खोलींत असा होत आहे. पूर्वीं ते दारापाशीं खुर्ची घेत. मग ती खुर्ची माझ्या शेजारीं आली. हल्लीं ते डाव्या हाताचा तळवा वाद्याच्या कांठावर ठेवून बसतात. नागपूरच्या वैद्यांनीं, आतां फार काळ नाहीं, असें मुलाला सांगितलें आहे. बुवांना तें ठाऊक आहे. “तवरीक तुमचा गंधार बसला पाह्यजे,” असें ते एकदां बोलून गेले, आणि मग पानाचा डबा उघडून सुपारी निवडीत राहिले.

म्हणून अलीकडे मी धडे मोजीत नाहीं. एकेचाळिसावा धडा कधींचा अर्धवट पडला आहे. पडद्यावरचा गुरु कोठें जात नाहीं. मी सत्तरीचा झालों तरी तो त्याच खोलींत, त्याच वयाचा, त्याच हंसऱ्या चेहऱ्यानें माझी वाट पाहत बसलेला असेल. गुरुवार मात्र मोजके आहेत. बुवांच्या कानांत जें लक्ष्य इतकीं वर्षें टांगलेलें आहे, तें त्यांच्याबरोबर मिटावयाच्या आंत माझ्या कानांत उतरलें पाहिजे. आणि तें उतरविण्याची कोणतीही चित्रफीत निघालेली नाहीं. तें शेजारीं बसूनच उतरतें.

गेल्या गुरुवारीं भूपाचे स्वर घेत होतों. वरून गंधारावर येतांना कांडी किंचित् आधींच थांबली, आणि ती थांबल्याचें मला कळलें. बुवांचा हात वाद्याच्या कांठावरून उचलला जाण्यापूर्वींच मीं ती केसभर खालीं घेतली. तळवा जागच्या जागीं राहिला. बुवा कांहीं बोलले नाहींत, आणि मी पंचमाला हात घातला.